कानावर पडते, उमजत नाही

आपल्या मराठीत 'ऐकणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. कानाने आवाज टिपणे हा एक आणि सांगितलेले मानणे हा दुसरा. 'शेजाऱ्यांच्या रेडिओवरचं गाणं ऐकलं' यात पहिला अर्थ असतो. 'आमचा धाकटा कुणाचंच ऐकत नाही' यात दुसरा. मोठ्या माणसांच्या व्यवहारात या दोन अर्थांची सहसा गल्लत होत नाही. पण काही मुलांच्या बाबतीत ती होते आणि तिची किंमत त्या मुलांना रोज चुकवावी लागते. कधी धपाट्याने, कधी वर्गाबाहेर उभे राहून, आणि पुढे पुढे 'मी ढच आहे' अशी स्वतःची समजूत करून घेऊन.

मी श्रवणतज्ज्ञ आहे. मुलांचे कान तपासणे हा गेली तीसेक वर्षे माझा व्यवसाय. समोरच्या खुर्चीवर टेकता टेकता आया जे पहिले वाक्य बोलतात ते बहुतेक वेळा हेच असते, 'मॅडम, हा ऐकत नाही हो!' कोणत्या अर्थाने, असे मी विचारते. काहीजणी गोंधळतात. एका आजींनी मात्र क्षणाचाही विलंब न लावता ठसक्यात सांगितले होते, 'दोन्ही अर्थांनी!'

मग तपासणी होते. आवाजबंद खोलीत मुलाच्या कानांवर हेडफोन चढवायचा, बारीकशी शिट्टी ऐकू आली की त्याने बटण दाबायचे. शिट्टी हळूहळू आणखी बारीक करत न्यायची. अर्ध्या तासात श्रवणालेख तयार होतो. बऱ्याच मुलांच्या बाबतीत काहीतरी सापडते. कानात घट्ट बसलेला मळ, पडद्यामागे साठलेले पाणी, क्वचित नसेचा बहिरेपणा. त्यांच्या उपचाराचा मार्ग ठरलेला आहे. प्रश्न उरतो तो ज्यांचा आलेख अगदी स्वच्छ येतो त्यांचा. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' असे सांगितले की आईला आधी हायसे वाटते आणि दुसऱ्याच क्षणी तिची नजर मुलाकडे वळते. 'म्हणजे नाटकं करत होतास तर!' ज्या कागदाने मुलाची बाजू मांडायची तोच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

या मुलांपैकी सगळी नव्हेत, पण काही खरोखरच अडचणीत असतात. त्यांचे कान उत्तम असतात. आवाज आत जातो, नसेपर्यंत पोहोचतो; पण नसेपासून पुढे मेंदूत त्या आवाजाची जी उस्तवार व्हायला हवी ती नीट होत नाही. वैद्यकीय भाषेत याला 'ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' किंवा थोडक्यात 'एपीडी' म्हणतात. मराठीत आपण श्रवणप्रक्रिया दोष म्हणू. हा बहिरेपणा नाही. बुद्धीतली उणीवही नाही.

हे नीट समजायचे तर आपण सारे रोज किती अवघड काम सहज करतो ते आधी पाहावे लागेल. संध्याकाळी सहाच्या सुमारास दादर स्टेशनच्या पुलाखाली उभे राहा. एका बाजूने गाडी धडधडत येते आहे, फेरीवाले ओरडताहेत, मागे कुणी मोबाइलवर भांडते आहे, आणि वरच्या कर्ण्यातून घोषणा होते. एवढ्या कोलाहलातून आपण आपल्याला हवे ते 'जलद' आणि 'बदलापूर' हे दोन शब्द अचूक उचलतो. लग्नाच्या हॉलमध्ये सनई, पंगतीचा गलका आणि शंभर तोंडांची बडबड चालू असताना समोरच्या मावशी काय म्हणताहेत ते आपल्याला कळते. माणसाला हे कसे जमते, याचा पद्धतशीर अभ्यास कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने १९५३ साली प्रसिद्ध केला. त्याच्या डोळ्यांसमोर विलायती मेजवान्या होत्या, पण प्रश्न आपल्या लग्नाच्या हॉलचाच होता.

कानाच्या आतल्या शंखाकृती भागातून निघणाऱ्या नसेत सुमारे तीस हजार तंतू असतात. ते मेंदूच्या देठात शिरतात आणि तिथपासून वरच्या भागापर्यंत आवाजाला कितीतरी ठाणी लागतात. प्रत्येक ठाण्यावर काही ना काही काम होते. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे ठरवायला मेंदू दोन कानांत तो पोहोचण्याच्या वेळेतला फरक मोजतो, आणि हा फरक जास्तीत जास्त झाला तरी एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो! कोणता आवाज धरायचा आणि कोणता सोडायचा, हे दुसरे काम. आणि तिसरे, मला सगळ्यात नाजूक वाटणारे काम म्हणजे अक्षर ओळखणे.

या तिसऱ्या कामाच्या बाबतीत आपली भाषा मुलांची चांगलीच परीक्षा घेते. 'गार' आणि 'घार', 'पळ' आणि 'फळ', 'दार' आणि 'धार' या जोड्या म्हणून पाहा. फरक आहे तो एका फुंकरीचा, आणि ती फुंकर सेकंदाच्या काही शतांशांपुरतीच टिकते. 'ताक' आणि 'टाक' यांत जीभ दातांना लागली की टाळूकडे वळली, एवढाच भेद. इंग्रजीत जिथे दोन व्यंजनांत निभावते तिथे आपल्याकडे त, थ, द, ध अशी चौघांची बिऱ्हाडे, आणि शेजारी लगेच ट, ठ, ड, ढ. त्यात भर अशी की स्वर दणदणीत असतात आणि व्यंजने दुबळी. गोंगाट वाढला की आधी व्यंजने बुडतात. मग कानावर पडणारा शब्द भोके पडलेल्या चाळणीसारखा होतो. आपण ती भोके भाषेच्या ओळखीने, संदर्भाने नकळत बुजवतो. श्रवणप्रक्रियेत दोष असलेल्या मुलाला हेच बुजवण्याचे काम दिवसभर, जाणूनबुजून, घाम गाळून करावे लागते. शाळेतून आल्यावर ही मुले विनाकारण चिडचिड करतात, नाहीतर दप्तर टाकून आडवी होतात. ते विनाकारण नसते.

तिसरीतला एक मुलगा मला नेहमी आठवतो. आई-वडील दोघेही नोकरी करणारे, घरात आजी, दोन खोल्यांचा ब्लॉक. मी त्याच्या आईला एक वही घालायला सांगितली. पंधरा दिवस रोज लिहायचे: त्याने केव्हा ऐकले, केव्हा नाही, आणि त्या वेळी घरात काय काय चालू होते. बाई हिशेबी होत्या, त्यांनी वही चोख भरली. त्यातून निघालेले चित्र फार बोलके होते. रविवारी दुपारी, स्वयंपाकघरात दोघेच असताना सांगितलेले जवळजवळ प्रत्येक काम त्याने केले होते. संध्याकाळी मिक्सर, टीव्हीवरची मालिका आणि वडिलांचा फोन एकदम चालू असताना सांगितलेले बहुतेक सगळे वाया गेले होते. 'वरच्या काकूंना डबा दे, येताना कोथिंबीर आण आणि दारातल्या चपला आत घे' असे एका दमात सांगितले की चपला तेवढ्या आत येत. मी त्या बाईंना म्हटले, 'हट्टी मूल मिक्सर चालू आहे की बंद हे पाहून हट्ट करत नाही.' त्यांनी वही मिटली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्याच्या शाळेच्या वह्यांतही हीच गोष्ट लिहिलेली होती. फळ्यावरून उतरवलेली पाने निर्दोष, अक्षर सुवाच्य. शुद्धलेखनाच्या पानांवर लाल शाईचा सडा. ताकाचे टाक, घारीची गार, आणि वाक्याचा शेवट बहुधा गायब. खाली शेरा: 'लक्ष कुठे असते?' दोन्ही पाने एकाच मुलाची, एकाच आठवड्यातली. ती शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सवय शिक्षकांनी लावून घेतली तर अशी मुले आमच्यापर्यंत दोन-तीन वर्षे आधी पोहोचतील, असे मला ठामपणे वाटते.

आणखीही खुणा आहेत. काहीही विचारले की मूल आधी 'काय?' म्हणते, आणि आपण प्रश्न पुन्हा सुरू करतो न करतो तोच उत्तर देऊन मोकळे होते. ही खोड नाही. प्रश्न मेंदूत उलगडायला त्याला दोन क्षण जास्त लागतात, तेवढी उसंत ते 'काय?' म्हणून मिळवते. हाक मारली की भलत्याच दिशेला पाहते. फोनवर बोलणे टाळते, कारण तिथे ओठ दिसत नाहीत. पाठ झालेल्या गाण्यांत शब्द चुकीचे असतात. घोळक्यात विनोद झाला की सगळे हसल्यावर हसते. यातली एखादी खूण कोणत्याही मुलात दिसते. त्यावरून घाबरून जाऊ नये. चार-पाच खुणा सातत्याने, आणि विशेषतः गोंगाटात दिसू लागल्या तर मात्र तपासणी करावी. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत आशा यतिराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठी बारा प्रश्नांची एक साधी यादी तयार केली आहे. निम्म्या किंवा अधिक प्रश्नांना 'हो' असे उत्तर आले तर मूल पुढच्या तपासणीला पाठवायचे. पाच मिनिटांचे काम आहे.

शास्त्राच्या दृष्टीने ही कल्पना तशी जुनी. १९५४ साली इटलीतल्या बोका, कालेआरो आदी डॉक्टरांच्या लक्षात आले, की मेंदूच्या कानशिलाकडील भागात गाठ असलेल्या रुग्णांना शिट्टीच्या आवाजाची चाचणी सहज जमते, पण मुद्दाम अस्पष्ट केलेले बोलणे कळत नाही. १९६१ मध्ये डोरीन किमुरा यांनी दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवण्याची पद्धत वापरून दाखवले, की उजव्या कानाचे आकडे सामान्यतः जास्त लक्षात राहतात. कारण भाषेचे केंद्र बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असते आणि उजव्या कानाची वाट तिथे थेट पोहोचते. डाव्या कानाच्या निरोपाला मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल ओलांडून जावे लागते. लहान मुलांत हा पूल अजून बांधून पुरा व्हायचा असतो. आजही आमच्या चाचण्यांत आकड्यांचा हा प्रकार असतोच. मुलाला एका कानात 'दोन, सात', दुसऱ्यात त्याच वेळी 'चार, नऊ' ऐकू येते आणि चारही सांगायचे असतात. आई-वडिलांनी हेडफोन लावून पाहिला की त्यांनाही घाम फुटतो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा दोष स्वतंत्र आजार मानावा की नाही, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतल्या वाचा व श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ साली आपल्या अहवालात त्याची व्याख्या केली, निदानाची दिशा दिली. उलट इंग्लंडमध्ये डेव्हिड मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा ते अकरा वर्षांच्या सुमारे दीड हजार मुलांची तपासणी करून २०१० मध्ये असे मांडले, की या मुलांच्या तक्रारींचा संबंध आवाजाच्या प्रक्रियेपेक्षा अवधान टिकवण्याच्या क्षमतेशी जास्त दिसतो. शिवाय चंचलता, भाषाविकासातला विलंब, वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता या सगळ्यांच्या खुणा एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात, की एका मुलाला तीन तज्ज्ञांकडे नेले तर तीन नावे मिळू शकतात.

मला विचाराल तर नावावरून भांडण्यात पालकांनी वेळ घालवू नये. मुलाला कोणत्या परिस्थितीत ऐकायला जड जाते आणि कोणत्या परिस्थितीत सोपे, हे नेमके कळणे जास्त मोलाचे. पण एकट्या श्रवणतज्ज्ञाच्या शब्दावर विसंबू नये, हेही तितकेच खरे. मानसतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि वर्गशिक्षक या तिघांचे म्हणणे त्यात असलेच पाहिजे. एकाच भेटीत, एकाच चाचणीवर निदान लिहून देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

निदानाची घाईही करू नये. सात वर्षांच्या आत या चाचण्यांना फारसा अर्थ नसतो, कारण त्या वयात मुलामुलांतला फरकच प्रचंड असतो. त्याआधी कानाचे बाकीचे दुखणे नाही ना, याची खात्री करावी. पावसाळ्यात सर्दी भरली, नाकामागच्या गाठी वाढल्या, की कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठते आणि ऐकणे महिन्या-दोन महिन्यांसाठी मंदावते. दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. लहानपणी हे वारंवार झाले असेल तर पुढे श्रवणप्रक्रियेवर त्याचा परिणाम राहू शकतो. जन्मल्यावर कावीळ जास्त झाली होती का, मूल अपुऱ्या दिवसांचे होते का, हेही आम्ही विचारतो. कारण कधी कधी दोष मेंदूत नसून नसेतच असतो आणि तो वेगळ्या तपासण्यांनी शोधावा लागतो.

दुसरा मुद्दा भाषेचा. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची, अशी आता असंख्य मुले आहेत. पहिली-दुसरीत अशा मुलाला बाईंची इंग्रजी सूचना कळली नाही तर त्यात कानाचा दोष शोधायला जाऊ नये. त्याला ती भाषाच अजून यायची आहे. तेच मूल घरी, मराठीत, गोंगाट असतानाही चटचट कामे करते का हे पाहावे. म्हणूनच इंग्रजी वाक्यांच्या तयार चाचणीवर मराठी मुलाला जोखणे मला अन्यायाचे वाटते. शक्य तिथे मुलाच्या भाषेतले शब्द आणि जोडीला भाषाच न लागणाऱ्या चाचण्या घ्याव्यात. तीन सूर ऐकवून उंच-खाली कसे होते ते सांगायला लावणे, खरखरीत पडलेली काही मिलिसेकंदांची फट ओळखायला लावणे, अशा त्या असतात. गुणगुणून दाखव म्हटले की मूल सूर बरोबर गुणगुणते, पण 'उंच, खाली, उंच' असे शब्दांत सांगता येत नाही, असेही आढळते. त्या एवढ्याशा फरकावरून अडचण कुठल्या ठाण्यावर आहे याचा अंदाज बांधता येतो.

उपायांकडे वळू. सगळ्यात मोठा उपाय यंत्रांत किंवा औषधांत नसून वर्गाच्या चार भिंतींत आहे. औषध तर या दोषावर नाहीच. मुलाला नीट कळायचे तर बाईंचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा निदान पंधरा डेसिबलने वर असावा लागतो. अमेरिकेत २००२ साली केलेल्या मानकानुसार रिकाम्या वर्गातली शांतता ३५ डेसिबलच्या आत हवी. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून राखला आणि दिवसाची मर्यादा ५० डेसिबल घातली. रस्त्यावरच्या कोणत्याही शाळेत जाऊन पाहा, काय चालते ते! शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला, पण पन्नास-साठ मुलांचे वर्ग मी आजही पाहते. घरघरणारे जुने पंखे, सरकवताना किंचाळणारे बाक, बाजूच्या वर्गातले पाढे आणि पावसाळ्यात पत्र्यावर कोसळणारा पाऊस. उघड्या सिमेंटच्या भिंतींवरून बाईंचे प्रत्येक वाक्य परत येऊन पुढच्या वाक्यावर आदळते.

यातले बरेच काही फुकटात सुधारते. पंख्यांना तेल घालावे. खुर्च्या-बाकांच्या पायांना रबरी टोपणे बसवावीत. जुने टेनिस चेंडू चिरून बसवले तरी चालतात. भिंतीवर मऊ बोर्ड, खिडक्यांना जाड सुती पडदे आले की घुमारा उतरतो. मुलाला पुढे बसवावे, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने पडतो. पण 'पुढे' म्हणजे रस्त्याकडच्या खिडकीशी किंवा पंख्याखाली नव्हे. पहिल्या-दुसऱ्या रांगेत, भिंतीकडे, जिथून बाईंचे तोंड आणि वर्गमित्रांचेही चेहरे दिसतील अशी जागा निवडावी. बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, गृहपाठ फळ्यावर लिहावा, नवे शब्द आधी दाखवावेत मग उच्चारावेत. कोविडच्या काळात मास्कआडून शिकवणे सुरू झाले तेव्हा आपण ओठ पाहून किती ऐकतो ते सगळ्यांनाच कळले. या मुलांना ते आधीपासूनच ठाऊक होते.

बाईंच्या गळ्यात छोटा माइक आणि मुलाच्या कानात हलका रिसीव्हर असे बिनतारी साधनही मिळते. त्याने बाईंचा आवाज जणू कानाशी येतो, आणि ज्यांना ते परवडते व शाळा वापरू देते त्यांना त्याचा उपयोग होतो. मात्र नेहमीचे श्रवणयंत्र या मुलांच्या कानात आपल्या मनाने घालू नये. त्याने बाईंसोबत पंखाही मोठा होतो.

घरी काय करावे? बोलण्याआधी टीव्ही बंद करा. आधी नाव घेऊन हाक मारा, मुलाने वळून पाहिले की मग बोला. एका वेळी एक, फार तर दोन कामे सांगा. कळले नाही तर तेच वाक्य आवाज चढवून पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत, थोडे संथ म्हणा. ओरडण्याने स्वरच मोठे होतात. व्यंजने होती तिथेच राहतात. 'कळलं का?' विचारले तर उत्तर 'हो' असेच येणार. त्याऐवजी 'काय सांगितलं मी?' असे हसत विचारावे.

आपल्या जुन्या खेळांत कानांची मशागत करणारे बरेच काही आहे. आंधळी कोशिंबीर हा तर आवाजाची दिशा ओळखण्याचा सुरेख व्यायाम. शब्दांच्या भेंड्या, 'मामाच्या गावाहून आणले आंबे, आंबे आणि फणस, आंबे, फणस आणि काजू' अशी वाढत जाणारी साखळी, टाळ्यांचा ठेका ऐकून तो तसाच वाजवून दाखवणे, डोळे मिटून घरातले आवाज ओळखणे. पोराला तबल्याच्या वर्गाला घालायची ऐपत आणि त्याची इच्छा असेल तर जरूर घालावे. अमेरिकेत नीना क्राउस यांच्या गटाने २०१४ साली दाखवले, की दोन वर्षे संगीत शिकलेल्या मुलांच्या मेंदूची बोलण्यातले सूक्ष्म भेद टिपण्याची क्रिया सुधारते. पण तबल्याने हा दोष बरा होतो, असा त्याचा अर्थ काढू नये. हे खेळ औषध म्हणून गंभीर चेहऱ्याने खेळवले तर मूल दुसऱ्या दिवशी पळून जाते, हा माझा अनुभव आहे.

संगणकावरच्या प्रशिक्षणांविषयी पालक फार विचारतात. ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय ध्वनी प्रयोगशाळेत शॅरन कॅमेरॉन आणि हार्वे डिलन यांनी गोंगाटातून विशिष्ट दिशेचा आवाज वेगळा काढता न येणाऱ्या मुलांसाठी चाचणी व सराव दोन्ही तयार केले, आणि त्या एका प्रकारात चांगली सुधारणा दिसली. नेमका दोष, नेमका सराव, म्हणून ते पटते. उलट १९९६ साली गाजावाजा झालेल्या 'फास्ट फॉरवर्ड' या कार्यक्रमाने मुलांच्या भाषेत किंवा वाचनात फरक पडल्याचा पुरावा २०११ मधल्या एका आढाव्यात सापडला नाही. विशिष्ट गाळलेले संगीत दहा दिवस ऐकवून सगळे बरे करून देतो असे सांगणारेही भेटतात. कर्ज काढून असल्या वर्गांना जाणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. चौकशी करताना एकच विचारावे: 'माझ्या मुलात नेमका कोणता दोष आहे, आणि तुमच्या सरावाने तो कमी झाला हे तुम्ही कशाने मोजणार?' उत्तर गोलमोल आले तर उठून यावे.

परीक्षेच्या सवलतींबद्दलही गैरसमज आहेत. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत १९९६ पासून सवलती मिळू लागल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. श्रवणप्रक्रिया दोषाचा मात्र त्या कायद्याच्या यादीत वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे मुलाला वाचन-लेखनाची अडचणही असेल तर तिची स्वतंत्र तपासणी अधिकृत रुग्णालयातून करून घ्यावी. आमच्या कागदावर बोर्ड सवलत देणार नाही. नसेल, तर शाळेशी बोलून बसण्याची जागा, लेखी सूचना आणि तोंडी परीक्षेसाठी शांत खोली एवढे मागून घ्यावे. मुख्याध्यापकांशी सौम्यपणे बोलले आणि हातात एका पानाचे पत्र असले की हे सहसा मिळते.

तपासणीसाठी मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था येथे वाचा-श्रवणाचे विभाग आहेत. इतर शहरांत मोठ्या रुग्णालयांत किंवा खासगी श्रवणतज्ज्ञांकडे जावे लागते. या विशेष चाचण्या होतात का आणि कोणत्या भाषेत, हे आधी फोन करून विचारावे. सकाळची वेळ घ्यावी. मुलाला सर्दी असेल तर तारीख पुढे ढकलावी. जुने कानाचे कागद, बाळंतपणाच्या वेळचे कार्ड, शुद्धलेखनाची आणि फळ्यावरून उतरवलेली अशा दोन्ही वह्या बरोबर आणाव्यात. पंधरा दिवसांची ती नोंदवही आणलीत तर आमचे अर्धे काम हलके होते. मुलाला 'तुझी परीक्षा आहे' असे सांगून आणू नये. कानाला हेडफोन लावून काही खेळ खेळायचे आहेत, एवढे पुरे. आणि डब्यात खाऊ द्यावा. दोन तास लागतात, मध्ये सुट्टी असते.